वाटखेड फाटा, नकाशा क्रमांक तीन

ह्या खेळात पंक्चरवाला मिळत नाही.
तलवारवाले आहेत, तिरंदाज आहेत,
एक लाकूडतोड्या आहे, दाढीवाला, कुठल्या तरी थंड देशातला.
त्यालाच झाडाखाली उभा केला
आणि नाव बदलून लिहिलं: शालिक डोळस.
हातातली कुऱ्हाड काही काढता आली नाही.
असू दे. पान्हा समजा.

कडुनिंबही नाही. पाईन आहे.
त्याचा हिरवा थोडा मळवून भागवलं.

मग झाडाभोवती एक चौकोन ओढला.
खेळणारा चौकोनात आला
की कॅमेरा खाली उतरतो,
वर-खाली दोन काळ्या पट्ट्या सरकतात,
शालिकभाऊ मान वळवतात
आणि बोलतात.

काय बोलतात ते लिहायला गेले
तर खेळाच्या अक्षरांना मराठी येईना.
वेलांटी अक्षर सोडून पळाली,
'आर्णी'वरचा रफार बसायला जागा शोधत राहिला,
बाकी ओळभर रिकामी खोकी.
म्हणून रविवारी मोबाईल घेऊन
फाट्यावर गेले, खऱ्या शालिकभाऊंकडे.

"रोज बोलता थेच बोला."
"कोनाशी?"
"जो खेळून रायला त्याच्याशी."
"थो काय म्हनते मंग?"
"काईच नाई. बटन दाबते निरा."
त्यांनी ट्यूब घमेल्यात बुडवली,
बुडबुडा कुठून निघतो ते बघत राहिले.
"मंग मी कायले बोलू, माय?"

मग मीच बसले समोर, जुन्या टायरांच्या चळतीवर.

"यवतमाळ गेली."
हाव.
"आर्णीची याची हाये. पन थे काई थांबत नाई, हात दाखोला तरी."
हाव.
"मांगच्या चाकात दोन खिळे. कोनाचे, थे इचारू नोको."
हाव.

पुण्याच्या मावसबहिणीला ह्या शब्दात लोभ ऐकू येतो.
आमच्याकडे ती नुसती हजेरी.

रात्री अकरानंतर लाईन आली, शेतातल्या मोटारी सुरू झाल्या,
आणि मी माझे सगळे हाव कापले.
एकोणीस निघाले.
त्यांच्या जागी उरलं
कुत्र्याचं कान फडफडवणं,
कापसाच्या ट्रकनं चढावर बदललेला गिअर,
घमेल्यातलं पाणी.

प्रत्येक वाक्यापुढे एडिटर विचारतो, किती सेकंद थांबू?
दोन भरले.
शालिकभाऊ अजून गप्पच, तोवर त्यांचंच पुढचं वाक्य
त्यांच्या अंगावर चढलं.
चार भरले. साडेसहा भरले.

साडेसहा सेकंदांत कुठलंही पोरगं एस्केप दाबणारच.
त्याची सोय वेगळी करावी लागते:
कॅमेरा वर, पट्ट्या गायब,
जो तो आपापल्या जागी,
सगळं बोलून झालं असं धरून.
तीही केली. दाबून पाहिलं.
अर्ध्या वाक्यात शालिकभाऊ झपकन पाठमोरे झाले
आणि माझा सैनिक पुढे निघाला,
गाडीतून उतरणारे निघतात तसा,
पिशवी सावरत.

एक खूण राहिली होती: 'एकदाच चालेल.'
ती काढून टाकली.
कितीदाही या, यवतमाळ गेलेलीच असेल.

सव्वादोनला पुन्हा सुरुवातीपासून लावलं.
पाईनखाली पट्ट्या सरकल्या.
"यवतमाळ गेली."
मग ती मोकळी जागा, कुत्रा, कान.
आई पलीकडच्या खाटेवर वळली,
झोपेतच म्हणाली, "कोन आलं व?"
मी हळूच म्हटलं, हाव.
कोणाला, ते मला नीट सांगता येणार नाही.

सोमवारी मोबाईलवर दाखवलं.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
स्वतःचा आवाज अर्धवट ऐकला,
दाढीबद्दल काही बोलले नाहीत.
"पंप कुठी हाये?"
पंप नाही मिळत, म्हटलं, ह्या खेळात.
"मंग हा मानूस," ते म्हणाले,
"हवा कायनं भरते?"